मी, बसच्या पाटीवरचा काटकुळा फॉन्ट

मित्रांनो, मी एक जुना, काटकुळा फॉन्ट आहे. फॉन्ट म्हणजे एकाच वळणाच्या अक्षरांचं कुटुंब. आमच्या घरात सगळे उंच, सडसडीत, खांद्याला खांदा लावून उभे. नक्षी नाही, शेपट्या नाहीत. पुस्तकात मला बारीक छापाल तर तुमचेच डोळे दुखतील. मी आपला लांबून वाचायचा.

एक पेंटरकाका बसच्या पाट्या हाताने रंगवत. गावांची नावं लांबलचक आणि पाटी आखूड, म्हणून ते अक्षरांना अंग चोरून बसवत. पुढे त्यांच्या डोळ्यांपुढे धुकं साचू लागलं आणि ब्रश सुटला. तेव्हा त्यांच्या लेकीने, ताईने, ती अक्षरं कॉम्प्युटरवर घेतली.

"अंगाने बारीक कर, पण पोटात हवा खेळू दे गं," काका मागून सांगत. ताई माझ्या पोटातल्या पोकळ्या हळूहळू कोरत राही. मी पडद्याच्या उजेडात अर्धवट झोपेत तरंगायचो आणि रस्त्यांची स्वप्नं बघायचो.

मग मी खरंच रस्त्यावर आलो. "लांबून कसं लख्ख दिसतं!" असं लोक म्हणाले तेव्हा माझ्यासारख्या काटकुळ्याच्या अंगावरही मूठभर मांस चढलं.

काका दर आठवड्याला एकटेच बसने बहिणीकडे जात. त्या धुक्यातूनही त्यांना माझी पाटी वाचता येई. "ही दिसतेय तोवर मला कोणाचा हात धरायला नको," ते म्हणत.

एकदा त्या बसचा मार्ग वाढला आणि पाटीवर आणखी एक नाव आलं. ते मावेना, म्हणून पाट्यांच्या दुकानदाराने घाईघाईत मला पडद्यावर दोन्ही बाजूंनी चेपलं. उभ्या रेषा दोऱ्यासारख्या झाल्या, आडव्या तशाच जाड राहिल्या. माझा जीव घुसमटला. त्या संध्याकाळी काका थांब्यावर उभे होते. त्यांचा हात अर्धा वर गेला आणि खाली आला. बस निघून गेली. मला फार वाईट वाटलं.

"माझे डोळे गेले गं," काका घरी म्हणाले. "तुझ्या आत्याकडे एकट्याने जाणं संपलं आता."

ताई थांब्यावर गेली, पाटी पाहिली आणि तिथूनच तिने फोन लावला. "बाबा, डोळ्यांचं काही नाही. त्यांनी पाटीची वाट लावलीय!"

तिने दुकानदाराला फैलावर घेतलं आणि लांब पाटी करून घेतली. पुढच्या आठवड्यात मी वळणावरून आलो. काकांनी डोळे बारीक केले. मग हात वर केला, आणि बस थांबली.

आता दिव्यांच्या पाट्या आल्यात. मी ताईच्या कॉम्प्युटरच्या एका कोपऱ्यात झोपून असतो. स्वप्नात अजून ते वळण येतं, सांज होत असते, आणि माझ्या पोटातून वारा वाहत असतो.

मित्रांनो, कधी मला जागं केलंत तर एवढं करा. नाव मावत नसेल तर पाटी वाढवा, मला चेपू नका. लांबवर कोणीतरी डोळे बारीक करून माझी वाट बघत असतं.