थ्रासोस म्हातारा खरं बोलला तो दिवस

"कोणाचा विश्वास बसणार नाही," थ्रासोस म्हातारा पहिल्या बाटलीचं बूच काढता काढता म्हणाला, "पण ह्याच दुकानात, ह्याच खुर्चीवर बसून मी एकदा खरं बोललोय. आणि त्यामुळे एकाचा जीव वाचलाय."

ग्रीसमधल्या व्होलोसच्या बंदरावर मालामोच्या दुकानात रीतच अशी, की त्सिपुरो दारूची छोटी बाटली मागवली की सोबत एक बशी न मागता येते. पहिलीबरोबर ऑलिव्ह, दुसरीबरोबर तळलेली मासळी, आणि पुढे बाटलीगणिक बशी चढत जाते. थ्रासोसच्या गोष्टींचंही तेच. म्हणून कोळी मंडळी खुर्च्या ओढून सरसावली. मागच्या टेबलावर त्याची भाची पोलिक्सेनी लॅपटॉपवर टकटक करत होती. तिच्याकडे त्याने जरा मुद्दामच पाठ केली.

तर गोष्ट ह्या भाचीचीच. तंबाखूच्या जुन्या वखारीत हल्ली बोलणारं यंत्र ठेवलंय ना, तिथे ती कामाला. त्या यंत्राच्या पोटात लाखो न्यूरॉन, मेंदूतल्या पेशींसारखे बारीक दिवेच म्हणा. एखादा आकड्यांवर उजळतो, एखादा नुसता स्वल्पविरामावर, एखादा शिव्यांवर. कोण कशावर उजळतो ते हुडकायचं, त्याचं काम ठरवायचं आणि त्याला त्या कप्प्यात टाकायचं, एवढाच पोरीचा उद्योग.

पण एक न्यूरॉन कुठल्याच कप्प्यात बसेना. तो ज्या वाक्यांवर उजळे त्यात एकदा मासा, एकदा बकरी, एकदा गारा, एकदा कुणाची तरी सासू. मासा म्हणावा, तर मासळीबाजाराच्या भावांवर हा ढिम्म. बकरी म्हणावी, तर गुरांच्या डॉक्टरच्या अहवालावर डोळासुद्धा उघडेना. बंद करून पाहिला, तर यंत्राचे पाढे बरोबर, व्याकरण बरोबर, कुठे काही अडलं नाही. वखारीत सगळे त्याला ऐदोबा म्हणू लागले.

यंत्र हलकं करायचं होतं. साहेब आनेस्तिस म्हणाला, "ज्याचं काम सांगता येत नाही, तो छाटायचा. शुक्रवारी संध्याकाळी तुझा ऐदोबा जाणार."

"तो उगाच उजळत नाही हो!"

"मग कशावर उजळतो ते सांग."

तेच तर तिला सांगता येत नव्हतं. हिवाळाभर तिने त्याच्यापायी डोकं फोडलं होतं.

शुक्रवारी दुपारी ती आणि साहेब इथेच जेवायला आली. पोलिक्सेनीने बशी बाजूला सारून यंत्राला जोडलेला लॅपटॉप उघडला. शेजारच्या टेबलावर थ्रासोस ऑक्टोपसची गोष्ट सांगत होता, आणि ती रुसल्या मनाने मामाची वाक्यं लॅपटॉपवर उतरवत बसली. पहिल्या बाटलीला ऑक्टोपस वल्ह्याएवढा होता. पडद्यावर ऐदोबा किती उजळला ते दाखवणारी पट्टी किंचित पिवळी झाली. दुसऱ्या बाटलीला ऑक्टोपसने नांगर उपटला. पट्टी केशरी. तिसऱ्या बाटलीला त्याने होडी उलटी वल्हवत मामाला घरी आणून सोडलं, वर दार वाजवून मामीला हाक मारली. पट्टी लालभडक!

"साहेब, बघा!" ती ओरडली.

"ऑक्टोपसवर उजळतो," आनेस्तिस घास न थांबवता म्हणाला.

"ऑक्टोपसवर नाही! मामा, तो ऑक्टोपस खरा केवढा होता?"

सगळ्या माना थ्रासोसकडे वळल्या. मालामो बशी हातात घेऊन तशीच उभी राहिली.

"चारचौघांत विचारतेस?" थ्रासोस कळवळला. "पोरी, ह्या गावात मला काही इज्जत आहे."

"मामा, संध्याकाळी त्याला छाटतील. एकदाच. माझ्यासाठी."

भाचीपुढे कुठल्या मामाचं चाललंय? थ्रासोसने पेला एका दमात रिकामा केला, डोळे मिटले आणि ऑक्टोपसचा खरा आकार सांगितला. पोलिक्सेनीने तो लिहिला. पट्टी विझली. ठार काळी.

"थापा!" ती टाळी वाजवून उठली. "तो थापांवर उजळतो! मासा, बकरी, गारा, सासू, सगळ्या लोणकढ्याच होत्या!"

"बरं, असेल," आनेस्तिस म्हणाला. "पण छाटला तर बिघडलं काय?"

तिने तिथल्या तिथे ऐदोबाला बंद केलं आणि यंत्राला कोळ्याची गोष्ट सांगायला लावली. यंत्र म्हणालं, 'कोळी गेला. मध्यम आकाराचा मासा मिळाला. कोळी परत आला.' कोळी मंडळींनी माना खाली घातल्या. मयतीतसुद्धा ह्याहून बरं बोलतात.

मग तिने ऐदोबाला दुप्पट चढवलं आणि बोटीचं वेळापत्रक विचारलं. यंत्र म्हणालं, 'स्कियाथोसची बोट सकाळी निघते. पुढे दोन डॉल्फिन जुंपलेले असतात. कप्तान लग्नाला गेला असेल तर डॉल्फिनच तिकिटं फाडतात.'

आनेस्तिस असा हसला, की त्याच्या नाकातून त्सिपुरो आली. स्वतःच्या बाप्तिस्म्याच्या दिवसानंतर तो माणूस हसला नव्हता. डोळे पुसत म्हणाला, "राहू दे त्याला. नवा कप्पा कर."

"आणि त्या कप्प्याला," थ्रासोसने गोष्ट संपवत चौथी बाटली पुढे ओढली, "माझं नाव दिलंय."

"ते राहू दे, काका," एक कोळी म्हणाला. "ऑक्टोपस केवढा होता ते बोल. तू खरं सांगितलंस तो आकडा."

"सांगतो की." म्हाताऱ्याने छातीवर हात ठेवला. "आता काय लपवायचं? दोन हात लांब. एक बोट कमी नाही, एक बोट जास्त नाही. बहिणीची शपथ."

मागची टकटक थांबली.

"पेटला!" पोलिक्सेनी लॅपटॉप सगळ्यांकडे फिरवत ओरडली. "'शपथ' म्हणालास तिथेच लाल झाला, मामा! त्या दिवशी वीतभर म्हणाला होतास!"