ओली रेषा

पेंटरने गुडघा टेकून रोलर ओढला आणि अर्ध्यावरच मान वळवून मागे पाहिलं. हातभर रंग झाला की एकदा मागे बघायचं, सकाळपासून हेच चाललं होतं.

"अशाने संध्याकाळपर्यंत रेषा सरळ होईल आणि मान वाकडी," मुकादम म्हणाला.

पेंटर हसला नाही. वीस वर्षं त्याने या चौकात थांबायच्या रेषा मारल्या होत्या. गेल्या वर्षी त्याच्या बायकोला इथेच ट्रकने उडवलं. तेव्हापासून मागून गाडीचा आवाज आला की त्याची मान आपोआप वळायची.

आता सिग्नल काढून टाकला होता. चौकाच्या मधोमध मातीचं गोल बेट केलं होतं. सगळ्यांनी त्याला वळसा घालून जायचं. जो आत फिरतोय तो आधी, बाहेरच्याने रेषेशी थांबायचं. मुकादमाचं म्हणणं, इतकी वर्षं लोक दिव्यावर चालले, आता अकलेवर चालायचं म्हणजे कठीणच आहे.

बायकोचा दिवा हिरवा होता. पोलिसांनी तसं लिहूनही घेतलं. एक गोष्ट मात्र कोणी लिहून घेतली नाही. तिला स्कूटर त्यानेच शिकवली होती, आणि पुढे लेकीलाही. दोघींना धडा एकच: हिरवा लागला की निघायचं, इकडेतिकडे बघत बसलं की मागचे शिव्या घालतात. बायकोने तो तंतोतंत पाळला.

लेकीकडून त्याने शब्द घेतला होता, कामावर जाताना चौकातून जायचं नाही. लांब पडलं तरी पुलावरून जायचं. रोज घरी आल्यावर ती न विचारता सांगायची, पुलावरूनच आले.

दहाच्या सुमारास गाड्यांची रांग लागली, तसे मुकादमाने रंग वाळायच्या आधीच रस्त्यावर आडवे लावलेले प्लास्टिकचे कोन उचलले. पेंटर डबा घेऊन कडेला सरकला आणि त्याला निळी स्कूटर दिसली. हेल्मेटवर मागे चांदणी चिकटवलेली. ती त्यानेच लेकीसाठी चिकटवली होती.

आत गोलात वाळूचा ट्रक वळत होता.

हाक तोंडाशी आली. पण हाक मारली तर ती आपल्याकडे बघेल, ट्रककडे नाही. त्याने ओठ घट्ट मिटले. इथे ना लाल होता, ना हिरवा. तिला थांबवायला रस्त्यावर फक्त त्याची रेषा होती, तीही ओली. रोलरमधला रंग बुटावर ठिबकत होता.

स्कूटर रेषेशी आली आणि थांबली. लेकीने डावा पाय टेकला. मान वळवून ट्रककडे पाहिलं, तो पूर्ण पुढे जाईपर्यंत पाहिलं. बेटाला वळसा घालताना ट्रकही गोगलगायीसारखा संथ झाला होता. तो गेल्यावर तिने पुन्हा एकदा पाहिलं, मग निघाली.

"काय पेंटर, भूत पाहिलंस का?" मुकादमाने विचारलं.

ऊन लागलं, असं सांगून पेंटर फुटपाथवर बसला.

संध्याकाळी लेक स्वयंपाकघरातून म्हणाली, "आज पुलावर काय गर्दी होती, बाबा."

तो हं म्हणाला. दाराशी तिच्या चपला पडल्या होत्या. डाव्या चपलेच्या तळाला पांढरा रंग चिकटला होता. त्याने चिंधी रॉकेलमध्ये बुडवली आणि उंबऱ्यावर बसून तळ पुसायला घेतला.

वासाने ती बाहेर आली. हात ओले, तसेच लोंबत राहिले. चपलेकडे पाहून तिचा चेहरा पांढराफटक पडला.

त्याने वर पाहिलं नाही. कडेचा रंग नखाने खरवडला, चपला जोडीने नीट ठेवल्या.

"उद्या पाय रेषेच्या जरा अलीकडे टेक," तो म्हणाला. "रंगाचा दुसरा हात मारायचाय. ओली असेल."