नवरदेवाचा कोट

कौस्तुभच्या लग्नाचा कोट लियाओभाऊंकडेच शिवायचा, हे त्याच्या आईने, वसुंधराने, आधीच ठरवलं होतं. तिच्या नवऱ्याचा, श्यामरावांचा, लग्नातला कोटही त्यांनीच शिवला होता. तेव्हा त्यांचं दुकान मोठ्या मार्केटमध्ये होतं. भिलाईचा स्टील प्लांट उभा राहत असताना लियाओभाऊंचे वडील, चिनी शिंपी, कलकत्त्याहून इथे आले. रशियन इंजिनियरांचे कोट शिवता शिवता गावातले सगळे साहेब त्यांच्याकडे माप द्यायला येऊ लागले. पुढे रेडीमेड आलं, कारागीर गेले, मुलं कॅनडात स्थायिक झाली. आता खुर्सीपारच्या गल्लीत एक मशीन उरलं होतं आणि काम म्हणजे बहुतेक पँटच्या चेन बदलणं.

कौस्तुभचा डावा खांदा वडिलांसारखाच उतरता. लियाओभाऊंनी आतून एक जास्तीचा थर घातला आणि दोन्ही खांदे सारखे दिसू लागले. कोट देताना ते म्हणाले, "वहिनी, लग्नात कोणी विचारलं त माह्या दुकानाचं नाव सांगजा. या सीझनमंदी दोन-चार कोट आले तरच दुकान चालते. नाही त उन्हाळ्यात शटर पाडतो."

"म्हणजे काय, सगळ्यांना सांगेन," वसुंधरा म्हणाली होती.

रिसेप्शनमध्ये स्टेजवरची दिव्यांची एक माळ विझली. नवरीचा मामा प्रफुल ओरडला, "चायनीज माल! जेवणं होईस्तोवर टिकला म्हणजे मिळवलं!" सगळे हसले. कौस्तुभही हसला.

तेवढ्यात व्याह्यांनी त्याची बाही चाचपली. "जावईबापू, फिटिंग झकास आहे. कुठे शिवला? आमच्या धाकट्यालाही शिवायचा आहे."

"शिवला नाही बाबा, रेडीमेड आहे. रायपूरच्या मॉलमधला."

वसुंधरा शेजारीच उभी होती. नाव तिच्या ओठांवर आलं. प्रफुल अजून हसत होता. तिने पदर सारखा केला. मग तिला दिसलं, आहेराचं पाकीट धरून लियाओभाऊ रांगेत, व्याह्यांच्या अगदी मागे उभे होते.

ते पुढे आले. पाकीट दिलं. कौस्तुभच्या डाव्या खांद्यावरून त्यांनी सवयीने बोट फिरवलं. तिथे काहीच बिघडलं नव्हतं.

"रेडीमेड असून बरा बसला," ते व्याह्यांकडे पाहून हसत म्हणाले.

व्याही अजून तिथेच होते. आताही सांगता आलं असतं.

"जेवून जा, भाऊ," वसुंधरा म्हणाली.