दोन मोरिवाकी

“पुन्हा?” मोरिवाकींनी कपाळाला हात लावला. जेवणाचे डबे भरणाऱ्या कारखान्याच्या छपराचा कागद चौथ्यांदा त्यांच्या टेबलावर येऊन पडला होता. उष्णता अडवायला छपरात काय भरायचं, त्या रकान्यात ते दर वेळी ‘ग्लासवूल’, म्हणजे न पेटणारी काचेची लोकर, लिहीत, आणि दर वेळी कागद ‘फोम’ होऊन परत येई.

विभागप्रमुख ओनोडेरा त्यांच्याहून पंधरा वर्षांनी लहान. “मोरिवाकीसान, किती ताणायचं? फोम हलका, भराभर बसतो. बर्फ पडायच्या आत छप्पर पुरं व्हायला नको?”

“आणि पेटलं तर, साहेब? खाली ऐंशी बायका असतात.”

“तिथे भात शिजतो हो, फटाके नाही बनत!”

“माशांच्या वड्यांच्या कारखान्यात तरी कुठे बनत होते?”

ओनोडेरांनी कागद त्यांच्याकडे सरकवला. “मग शिक्का उलटा मारा. तुमची नापसंती दिसेल, कामही अडणार नाही.”

हे ऐकून तर मोरिवाकींचं डोकंच फिरलं. या कचेरीत खालच्याने सहीऐवजी आपल्या नावाचा शिक्का साहेबाच्या चौकटीकडे जरा कलता मारायचा, कमरेत वाकल्यासारखा. अगदीच पटलं नाही तर उलटा. अकरा वर्षांपूर्वी वड्यांच्या कारखान्याच्या कागदावर त्यांनी उलटाच मारला होता. फोम बसला, पेटला, दोन बायका धुरात गेल्या. चौकशीत त्या उलट्या शिक्क्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. मोरिवाकींना मात्र तो अजून दिसे.

“माझा शिक्का मिळणार नाही,” म्हणत त्यांनी तो खिशात घातला आणि सरळ घरी गेले. पहिला शिक्का त्यांचा. त्याशिवाय कागद वर जात नसे.

सकाळी येऊन पाहतात तर कागदावर ‘मोरिवाकी’ उमटलेला, साहेबाकडे छान कललेला! ओनोडेरांनी कोपऱ्यावरच्या दुकानातून त्या आडनावाचा तयार शिक्का आणवला होता. पेन्सिलींच्या शेजारीच मिळतात ते.

“म्हटलं, तुम्हाला कशाला त्रास,” ओनोडेरा म्हणाले.

मोरिवाकींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चौतीस वर्षं वाकले ते निदान स्वतः वाकले होते. आता त्यांची गरजही उरली नव्हती. त्यांनी खिशातला शिक्का काढला, शाई लावली आणि त्या कललेल्या नावाशेजारी अगदी ताठ दाबला.

“अहो, हे काय केलंत! हा वर कसा पाठवू आता? दोन मोरिवाकी कुठून आले, विचारतील ना!”

“मग सांगा की, साहेब.”

त्यांनी शिक्का रुमालाने पुसला, एक कोरा कागद पुढे ओढला आणि रकान्यात पाचव्यांदा ‘ग्लासवूल’ लिहिलं.