औषध नव्हे, गोळी

साखरबाईंचा दिवस चहाने नाही, गोळीने सुरू व्हायचा. यवतच्या मेडिकलवाल्याला नावही सांगावं लागत नसे. “अंगदुखीची द्या” म्हटलं की तो पाकीट पुढे करायचा. सकाळी एक, शेवंती तोडून कंबर धरली की दुपारी दुसरी. शेजारणीचे गुडघे दुखले तर तिलाही त्यातलीच एक, मिसरी द्यावी तितक्या सहज. बाईला काही होत नाही, अशी घरात सगळ्यांची पक्की समजूत होती. फार सोयीची समजूत ती.

दिवाळीनंतर पाय सुजले, तेव्हा सून नीलम त्यांना दवाखान्यात घेऊन गेली. रक्ताचा रिपोर्ट बघून डॉक्टरीणबाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या.

“आजी, औषध कुठलं चालू आहे?”

“बीपीचं. दुसरं काय न्हाई.”

“नक्की?”

“औषध कशाला घिऊ, बाई? एवढी आजारी न्हाई मी.”

साखरबाई खोटं बोलत नव्हत्या. औषध म्हणजे डॉक्टरने लिहून दिलेलं, नाहीतर पिकावर मारायचं. नीलमलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. तपासणी संपली, साखरबाई उठायला गेल्या आणि गुडघ्यातून कळ आली. त्यांनी कमरेच्या पिशवीतून गोळी काढली आणि डॉक्टरीणबाईंकडेच पाणी मागितलं.

“आजी, हे काय?”

“ही व्हय? ही गोळी हाय.”

डॉक्टरीणबाईंनी डोक्याला हात लावला. “बीपीच्या औषधाबरोबर ही रोज घेतलीत, म्हणून किडन्यांवर एवढा ताण आलाय. आत्ता थांबलात तर सावरतील. नाहीतर डायलिसिसची वेळ येईल. बीपीचं मात्र मनाने सोडू नका, आणि मला विचारल्याशिवाय दुखण्याची एकही गोळी नको.” गुडघ्यांना लावायला त्यांनी मलम दिलं, शेकायला सांगितलं.

घरी येताच नीलमने उरलेलं पाकीट चुलीत टाकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी फुलं तोडायला सगळे रानात उतरले. साखरबाईंनी एक सरी कशीबशी ओढली. दुसरीत मात्र पाय उचलेना, तशा त्या मातीतच बसल्या.

शेजारच्या सरीतून धाकटी जाऊ सगुणाबाई आली आणि पदराची गाठ सोडून तिने गोळी पुढे केली. “घ्या, जाऊबाई. एकीनं काय व्हतंय?”

साखरबाईंचा हात आपसूक पुढे झाला. गोळी तळहातावर पडली. गिळली की अर्ध्या तासात सगळं शांत होईल, हे त्यांना पाठ होतं. त्या इतक्या थकल्या होत्या की डॉक्टरीणबाईंचं बोलणं फार लांबचं वाटायला लागलं.

तेवढ्यात त्यांचे यजमान मारुतराव बांधावरून आले. “काय झालंय गं तुला आज? काल तर चांगली व्हतीस. घे ती गोळी, टेम्पो यायची येळ झाली.”

साखरबाईंना एकदम रडू फुटलं. गोळी त्यांनी सगुणाबाईच्या हातात परत ठेवली.

“आज काय झालं न्हाई, आवं,” त्या म्हणाल्या. “ह्ये रोजचंच हाय. आज निस्ती गोळी न्हाई.”

इतक्या वर्षांच्या संसारात बायकोला रानात बसलेलं मारुतरावांनी पहिल्यांदाच पाहिलं होतं.