रेघेची जाडी

"कडेनं घे रे, बाहेरच्या कडेनं," साहेब टेबलावर वाकून म्हणाले. "केसभर तर सरकवायचंय."

आरेखक निब पुसत राहिला. नकाशा कार्यालयात त्याला सगळे रेघभाऊ म्हणत. हातात पट्टी नसली तरी त्याची रेघ सरळ येई. साहेब मात्र नोकरीभर त्याला 'अरे' म्हणत आले होते. स्वतः निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी ती सवय गेली नव्हती.

टेबलावर नव्या सरहद्दीचा नकाशा होता. दोन बलाढ्य देश पुन्हा लढले, दमले, मग कुठल्याशा लांबच्या शहरात बसून त्यांनी या मुलखावर पेन्सिल ओढली. दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ म्हणतात. इथं तिसऱ्याचंच घर जायचं. आता त्या पेन्सिलीवर शाईची बारीक रेघ काढायची, म्हणजे तिच्याप्रमाणे तारेचं कुंपण ठोकता येईल. ज्याचं घर ज्या बाजूला, तो त्या बाजूचा, असं करारात होतं. पण पेन्सिल जाड होती. नकाशावरचा एक मिलिमीटर जमिनीवर अडीचशे मीटर भरत होता आणि त्या अडीचशे मीटरांत साहेबांचं घर होतं.

"लेक इकडे शहरात असते," साहेब म्हणाले. "आम्ही दोघं म्हातारे पलीकडे गेलो तर बघणार कोण?"

"मागच्या वेळी मी हेच विचारणार होतो, साहेब."

"मागच्या वेळी? कधी?"

विसरले होते. याचाच रेघभाऊला सगळ्यात जास्त राग आला. बावीस वर्षांपूर्वी, आधीच्या लढाईनंतर, तो याच टेबलाशी उभा होता. "पेन्सिल जाड आलीय साहेब, कुठल्या कडेनं शाई फिरवू?" साहेबांनी फायलीतून मान वर केली नव्हती. "आतल्या कडेनं फिरव आणि मोकळा हो. तिथं कोण राहतंय?"

तिथं त्याची ताई राहत होती. आई गेल्यावर तिनंच त्याला वाढवलेलं. त्यानं तोंड उघडलं, मग नोकरी आठवली, आणि स्वतःच्या हातानं त्यानं ताईला पलीकडे टाकलं. तेव्हापासून तो रोज मनातल्या मनात शिव्या देत आला होता, निम्म्या साहेबांना आणि निम्म्या स्वतःला.

ते सगळं त्यानं साहेबांना दोन वाक्यांत सांगितलं.

"जुनं उकरून काय मिळणार?" साहेब पुटपुटले. "चूक झाली असेल माझी. माफ कर. हे बघ, हात जोडतो."

त्यांनी खरंच हात जोडले. हा दिवस आला की गोड वाटेल, असं रेघभाऊला इतकी वर्षं वाटत होतं. वाटलंही. उगाच खोटं कशाला बोला.

त्यानं निब शाईत बुडवली.

"तिथं कोण राहतंय, साहेब?"

रेघ आतल्या कडेनं निघाली, साहेबांच्या घराच्या अलीकडून गेली आणि नकाशाच्या टोकाला थांबली. कुठं जाड नाही, कुठं बारीक नाही.

"लेकीला एक सांगून ठेवा," तो म्हणाला. "तिकडचं पत्र यायला चार महिने लागतात. ताई गेल्याचं मला तसंच कळलं."

साहेबांनी जोडलेले हात सोडले. "मी वर तक्रार करीन."

"करा की. पण शाई वाळली की काळ्या दगडावरची रेघ. हे तुम्हीच शिकवलंत आम्हाला."

नकाशाच्या कोपऱ्यात आरेखकाची सही लागते. मागच्या वेळी त्यानं शरमेनं नुसता फराटा मारला होता. आज त्यानं पूर्ण नाव लिहिलं. लहानपणी ताईनं हात धरून पाटीवर गिरवून घेतलं होतं तसंच, एकेक अक्षर सुटं, वळणदार.

साहेबांनी चष्मा लावला. वाकून ते नाव वाचलं, पुन्हा एकदा वाचलं.

"हे तुझं नाव?"

"हो," रेघभाऊ म्हणाला. "ताईनं ठेवलेलं."