सगळ्यात हळू मशीन

"हा नको, निंबाभाऊ. ज्याला पुढून टर्बोचं बटन आहे, तो डब्बा काढा."

लालबागेतल्या भंगारच्या दुकानात कोकिळा सकाळपासून उभी होती. निंबाभाऊंनी ढिगातून कॉम्प्युटरचा चौथा कॅबिनेट ओढून तिच्यापुढे ठेवला आणि कपाळ पुसलं.

"ताई, याच्यापेक्षा फास्टवाला देऊ का? हा तर बैलगाडी हाये."

"मला बैलगाडीच पाहिजे."

तिनं पदरानं धूळ पुसली. खाली चौकोनी बटन होतं. दाबल्यावर आत गेलं, पुन्हा दाबल्यावर बाहेर आलं. तिचा चेहरा एकदम सैल झाला.

कोकिळा एका मुलींच्या शाळेत कॉम्प्युटर लॅब सांभाळायची. शिकवायला दुसऱ्या मॅडम होत्या. कोकिळा मशीनं चालू करायची, बिघडली तर उघडायची, सुटी झाली की बंद करायची. सव्वीस वर्षं हेच काम. तिचा नवरा नंदकुमार लूमच्या कारखान्यात मिस्त्री होता. बिघडलेल्या मागाजवळ तो नुसता कान देऊन उभा राहायचा आणि कुठला भाग गेलाय ते सांगायचा. होळीनंतर त्याला लकवा मारला. पाय सावरला, बोलणं थोडं ओढत का होईना पण परत आलं. उजवा हात मात्र मांडीवर ठेवला की तिथंच राहायचा.

व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी रबरी चेंडू दिला होता. नंदकुमारनं तो दोन दिवस दाबला आणि खाटेखाली सरकवून दिला. "मी काय लेकरू हाये का?"

तेव्हा कोकिळाला जुनी गोष्ट आठवली. लग्नानंतरच्या वर्षांत तो तिला न्यायला शाळेत यायचा. ती मशीनं बंद करेपर्यंत एकावर बसून सापाचा खेळ खेळायचा. 'एक मिनिट, एक मिनिट' करत तिला अर्धा तास थांबवायचा.

तिनं इंदूरला अनिकेतला, मुलाला, फोन केला.

"मम्मी, इतका झमेला कशाला? सगळे जुने गेम फोनवर फ्री में आहेत."

"फोनवर बोट घसरतं त्यांचं, बेटा. कळ दाबल्यासारखी लागली पाहिजे. आणि तो साप नव्या मशीनवर असा पळतो की माझ्याच्यानं पण खेळणं होत नाही. जुनं मशीन हळू असतं. बटन दाबलं की अजून हळू होतं."

मग अनिकेत म्हणाला, "मशीनं किती लागतील?"

"तीन."

तिनं वहीच्या चौकटीच्या कागदावर आखून ठेवलं होतं. पहिलं सगळ्यात हळू: चार बाणांच्या कळा, सापाचा खेळ, बोटांसाठी. दुसरं जरा तेज: माऊस हलवून चेंडूनं विटा फोडायच्या, मनगटासाठी. तिसरं त्याहून नवं: गाडीचा खेळ, जॉयस्टिकचा दांडा मुठीत धरून. मूठ जमली की मग पान्हा धरता येईल, असं तिच्या मनात होतं. कागदावर मात्र ते तिनं लिहिलं नाही.

दुसरं आणि तिसरं मशीन शाळेनं बाद केलेल्यांतून मिळालं. मोठ्या बाईंनी विचारलं, "घरी क्लास काढताय की काय?" ती नुसती हसली. लॅबच्या खोक्यात अकरा फ्लॉप्या होत्या. दहांवर बुरशी चढली होती, एकच मशीनला वाचता आली. साप तिच्यातच होता.

एका रविवारी समोरच्या खोलीत तीन टेबलं लागली. नंदकुमार खाटेवरून बघत होता.

"घरात शाळा भरवू राह्यली का?"

ती पहिलं मशीन चालू करून चहा ठेवायला आत गेली. पाणी उकळायच्या आत हाक आली.

"कोकिळा! त्याचा पंखा घासू राह्यला."

"चालतं हो तसंच."

"काय चालतं? कान फुटले का तुझे? बंद कर. शिलाई मशीनचं तेल आण."

तो उठून टेबलापाशी आला होता. डाव्या बोटानं दाखवत गेला, हिनं स्क्रू काढले, थेंबभर तेल सोडलं. पंखा गप्प फिरायला लागला. नंदकुमारनं कान देऊन खात्री केली आणि मग आता आलोच आहोत म्हटल्यावर खुर्चीत टेकला.

साप भिंतीवर आपटून मेला. पुन्हा मेला. थोड्या वेळानं तो चांगला वळायला लागला, म्हणून कोकिळानं पाहिलं, तर डावा हात कळांवर होता. ती काही म्हणायच्या आत त्यानंच तो हात मांडीखाली दाबून धरला.

"आता लाव परत," तो म्हणाला.

त्या दिवशी सापानं एकही घास खाल्ला नाही. आठव्या दिवशी एक खाल्ला. गणपतीपर्यंत सापाचं शेपूट लांब झालं. दिवाळीत माऊस हाताखाली सरकायला लागला. पाडव्याला त्यानं पोळीचा तुकडा उजव्या हातानं मोडला. दोघांनीही ते पाहिलं. तो तुकडा त्यानं फार वेळ चावला.

तिसरं मशीन मात्र जमेना. मूठ मिटायची, पण दांडा वळवताना सुटायची. महिना गेला, दुसरा गेला. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "इतकं आलं हेच पुष्कळ. आता यापुढे फार आशा धरून बसू नका."

घरी आल्यावर कोकिळा पुन्हा तिसऱ्या मशीनचं बटन दाबायला गेली.

"अजून दोन महिने करून बघू ना. व्यायामाच्या बाई म्हणत होत्या..."

"कोकिळा, बस."

ती वळली नाही. तिच्या खांद्यांवरून त्याला कळलं.

"इकडे बघ. कारखान्यात दोन माग होते, जुने. स्पीड वाढवला की धागा तोडायचे. शेटजी म्हणायचे, भंगारात टाक. मी त्यांना हळूच चालवलं. कापड निघायचं त्यांच्यातून. चांगलं निघायचं."

तिनं डोळे पुसले. "मग हे तिसरं काय करू? परत देऊन टाकू?"

"तू बस त्याच्यावर."

"मी? मला कुठं येतं?"

"सव्वीस वर्षं पोरींची मशीनं चालू-बंद केली, एकदा तरी खेळली का?"

ती बसली. दांडा काढून ठेवला, कळांवर बोटं टेकवली. गाडी निघाली आणि सरळ झाडावर गेली. नंदकुमार हसला, तोंडाच्या एका बाजूनं, पण मोठ्यानं.

"डावीकडे घे. आधी घ्यायचं असतं, वळण आल्यावर नाही."

गाडी पुन्हा आपटली. तोही मग आपल्या पहिल्या मशीनपुढे जाऊन बसला. दुपारभर त्या खोलीत दोघांच्या कळा वाजत होत्या. तिच्या भराभर, आणि मधूनच, वेळ घेऊन, त्याची एक.